मोकळ्या जागा

माझ्या रेमिंग्टनवर ग्रीक अक्षरं नव्हती.
बाई म्हणाल्या, जागा सोडा, मी हातानं भरीन.
सन त्र्याहत्तर. नारायण पेठ, जिन्याखालचं दुकान,
पाटीवर : थीसिस, कोर्टाची कामं, बायोडाटा.
सायकल गटाराच्या कडेला लावून
वसुमती टिल्लू आत आल्या, पिशवीत दीडशे पानं
आणि वर मुळ्याची जुडी.
पहिल्या पानाला मुळ्याचा वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही.

टाऊला एक घर. खाली आकडा असेल तर दोन.
मोठ्या कंसाला तीन, कारण बाई कंस ऐसपैस काढत.
‘समजा       हा       मध्ये आहे, तर’
अशा ओळी मी पंचवीस वर्षं मारल्या.
अर्थ कळत नसे.
रुंदी कळे.

सेमीग्रुपला मराठीत अर्धगट म्हणतात, त्यांनीच सांगितलं.
म्हटलं, अर्धवट?
हसल्या. तसंच काहीसं, म्हणाल्या.
लक्ष्मी रोड बघा. एक चौक ओलांडलात, मग दुसरा, मग तिसरा.
चहाला पहिल्यानंतर थांबा की दुसऱ्यानंतर,
पोचायचं तिथंच पोचता.
पण वन-वे आहे. आल्या वाटेनं परत, ते नाही.
ज्यांना परतता येतं त्यांचे गट.
आमच्याकडं उरतात ते बाकीचे.

आणि ते दुसरं, टोपॉलॉजी?
कोण कुणाच्या जवळ, एवढंच. पट्टी न लावता.

एकदा स्टेन्सिल वाळेपर्यंत एक गंमत सांगितली,
माझी नाही, जुनी आहे, असं आधी बजावून :
संच नीट आवळलेला असेल
तर त्यात एक तरी असा सापडतोच
जो स्वतःशी कितीदाही गुणा, तोच राहतो.
मी म्हटलं, आमचे मालक.
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. वर्गात सांगायला, म्हणाल्या.

एक्याऐंशीत परदेशातून पाकीट आलं.
तिसऱ्या लेम्यात भोक होतं.
तुमचा संच बंद आहे, हे तुम्ही कुठं दाखवलंत?
एका ओळीचा प्रश्न, सहीसकट.
त्या रात्री दुकानाचं शटर आतून ओढून
मी कार्बनची प्रत मूळ हस्ताक्षराशी ताडून पाहिली,
अक्षर अक्षर,
चूक माझी निघावी म्हणून.
नाही निघाली.

पुढची अकरा वर्षं बाई फक्त प्रश्नपत्रिका आणत.
सहामाही, वार्षिक, एटीकेटी.
बोटांना खडू, पदराला खडू,
सायकल जाऊन लूना आली.
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
एकदा नुसतं म्हणाल्या,
लोणकर, व्हाइटनर लावला तरी खालचं अक्षर तिथंच असतं, नाही?

मग फलटणची नसीम तांबोळी, त्यांची विद्यार्थिनी,
एका रविवारी गणेशखिंडीतून त्यांच्या घरी चालत गेली म्हणे
आणि दारातच बोलली :
मॅडम, सगळा संच बंद कशाला हवा?
त्यातला सगळ्यात लहान घ्या.
बाईंनी तिला आत घ्यायच्या आधी
दूधवाल्याच्या हिशेबाच्या मागं लिहायला सुरुवात केली.
तो कागद मी पाहिलाय. साडेतीन लिटर, आणि खाली सिद्धता.

नव्व्याण्णवला दुकानात झेरॉक्सचं मशीन होतं,
रेमिंग्टनवर उदबत्तीचा पुडा.
बाई छापील पेपर घेऊन आल्या, दोघींच्या नावाचा.
कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं असतात हो आता, म्हणाल्या,
जराशा अपराधीपणानं.
मी सवयीनं मोकळ्या जागा शोधत गेलो.
अठरा पानांत एकही नाही.

शेवटच्या पानावर, आभारांत, एक होती.

तुमचं नाव काय हो, लोणकर? पहिलं?
निवृत्ती, म्हणालो.
हो, जूनअखेर, म्हणाल्या. कुणी सांगितलं तुम्हाला?
नाही बाई, माझं नाव निवृत्ती.

त्यांनी पर्समधून पेन काढून दिलं, तेच, बारीक निबाचं.
इंग्रजीत माझ्या नावाला सोळा घरं लागतात.
बाईंनी नऊ सोडली होती.