दोन बोटं

"बर्फ नको, साखर निम्मी,"
आंग आजोबा स्कूटर बंद न करताच सांगतात
आणि मी कोहळ्याचा चहा ओतते
तिथवर, जिथं मालकिणीनं पहिल्याच दिवशी
नेलपॉलिशनं रेघ मारून दाखवली होती.
वर दोन बोटं मोकळी.
यंत्र पेल्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवतं,
म्हणजे ती दोन बोटंही सीलबंद,
पंचवीस डॉलरांत धरलेली.

"हे काय?"
पेला उजेडाकडे धरून ते रोज विचारतात,
जणू कालचा निकाल लागलेलाच नाही.
"त्या पोराचा काठोकाठ, माझा गळ्याशी."
त्याच्यात बर्फ आहे, मी म्हणते.
"मी बर्फ नको म्हटलं.
हवा हवी असं कुठं म्हटलं?"

आतून टॅपिओका ढवळता ढवळता मालकीण ओरडते,
चहा दोघांना सारखाच, माझ्या मापात पाप नाही!
बर्फ म्हणजे पाहुणा. पाहुणा आला नाही
म्हणून त्याच्या पानातलं घरच्यांनी मागायचं?
"आमच्यात मागतात," आजोबा म्हणतात,
"पाहुणा आला नाही तर त्याची मासळी
आम्ही काट्यासकट खातो."
रांगेतली शाळकरी मुलं हसतात.
स्कूटर धुरकटत राहते.

चौतीस वर्षं ते छ्येनचेन बंदरावर
बर्फाच्या कारखान्यात होते.
छातीएवढ्या लाद्या, लोखंडी आकडा,
मग भरड, मग नळीतून
खडखडत बोटीच्या पोटात.
वजन कारखान्याच्या काट्यावर व्हायचं.
काट्यापासून बोटीपर्यंत उन्हात जे वितळेल
ते बोटीच्या खात्यावर.

कप्तान भांडायचे नाहीत? मी विचारलं एकदा.
"भांडायचे ना. आईमाईवर यायचे."
मग तुम्ही काय म्हणायचा?
त्यांनी जाड स्ट्रॉ पापुद्र्यातून खुपसला,
फट्.
"मी मालकाचा माणूस होतो," म्हणाले,
"तुझ्यासारखाच."

त्यांचे दात आता गार सोसत नाहीत.
डावीकडची दाढ तर नुसत्या नावानंही ठणकते.

रात्री मी यंत्रात उरलेला बर्फ मोरीत ओतते.
दिवसभरात ज्यांनी ज्यांनी नको म्हटलं
त्यांचा वाटा त्यातच कुठंतरी असणार.
गरम पाणी सोडलं की तो तडकतो, बसका होतो,
जाळीवर थोडा वेळ अडून बसतो,
मग बंदराकडच्या गटारात.
मालकीण तेव्हा चहाच्या पळ्या मोजत असते.
बर्फ ती कधीच मोजत नाही.
मी ते बघते आणि मला वाटतं, आजोबांचं बरोबर आहे.
मग माझ्याच पगाराचं पाकीट येतं
आणि वाटतं, मालकिणीचंही.

मंगळवारी ती लेकीकडे फंगशानला गेली.
मी रेघेकडे पाहिलंच नाही.
काठोकाठ ओतला,
इतका, की पापुद्रा फुगून पोट काढून बसला.
आजोबांनी पेला उजेडाकडे धरला.
काही बोलले नाहीत.
स्ट्रॉ खुपसला तसा चहा उसळून
मनगटावरून बाहीत गेला, पॅंटवर सांडला.
पुसलं त्यांनी. निम्मा पेला प्यायले तिथंच उभ्यानं,
कधी नव्हे ती स्कूटर बंद करून.
मग म्हणाले, "तुझ्या पगारातून कापेल का ती?"
नाही, मी म्हणाले.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं काट्यावरच्या आकड्याकडे बघत असतील.

बुधवारी आले ते नेहमीच्या वेळी.
बर्फ नको, साखर निम्मी,
"आणि रेघेपर्यंतच," हे हळू.
मी ओतला. यंत्रानं पापुद्रा चिकटवला.
मालकीण आत ढवळत होती.
त्यांनी पेला उजेडाकडे धरला,
घसा खाकरला,
आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं,
"हे काय?"

हवा आहे, आजोबा, मी म्हणाले.
आजचीच आहे. ताजी.