सेवापुस्तक

सातव्या वर्षी पाचव्या श्रेणीची खालची पायरी.
तेराव्या वर्षी डाव्या रक्षकदलात दुय्यम नायक.
एकोणिसाव्या वर्षी समुद्रकाठच्या एका प्रांताचा सुभेदार,
जो प्रांत त्यानं जन्मात पाहिला नाही.
कोगावा नो नारिहिदे. दरबारी. क्योतो.
या जाड पुस्तकात दीड पान आहे त्याच्यावर
आणि दीड पानात नुसत्या बढत्या.

मी पेन्शन विभागात तेहतीस वर्षं काढली.
मला माणूस असाच वाचता येतो:
नेमणूक, वेतनवाढ, रजा, खंड.
खंड दिसला की पेन्सिल आपोआप थांबते.

नारिहिदेच्या सेवेत अकरा वर्षांचा खंड आहे.
त्या अकरा वर्षांत सत्ता पूर्वेला गेली,
चिलखत घालून, कामाकुराच्या वाटेनं.
महसूल तिकडे, निकाल तिकडे.
क्योतोत उरला सम्राट, पंचांग,
आणि कोणत्या श्रेणीनं कोणता रंग नेसावा
याचे फार कडक नियम.

इथे मी चष्मा काढून ठेवते.

आमचे बाबा, तुळशीराम वैरागडे, चोवीस वर्षांचे होते
तेव्हा नागपूरची राजधानी गेली.
छप्पनचा नोव्हेंबर. सिव्हिल लाईन्सच्या व्हरांड्यात
कपाटांवर खडूनं लिहिलेलं: भोपाळ. मुंबई. भोपाळ.
बाबा ज्या कपाटाला टेकून डबा खायचे
त्याच्यावर कोणी काहीच लिहिलं नव्हतं.
साहेबांनी विचारलं, तू कुठं जातोस?
बाबा म्हणाले, याच्याजवळ कोणीतरी पाह्यजे ना जी.

बस. एवढ्यावर चौतीस वर्षं.

नारिहिदे रोजनिशी लिहायचा.
आभाळ भरलेलं. उजव्या मंत्र्याच्या अंगरख्याचा घोळ
नियमापेक्षा वीतभर लांब. कोणी बोललं नाही.
सत्ता निघून गेलेल्या शहरात
वीतभर कापडाचा हिशेब ठेवणारा माणूस!
मी हसले. मग बाबांचा काळा बंदगळा आठवला.

दर डिसेंबरात सरकार दोन आठवडे यायचं.
झिरो माईलपासून रस्त्याला चुना लागायचा,
वर्षभराचे खड्डे एका रात्रीत बुजायचे,
आणि बाबा डांबरगोळ्यांच्या वासाचा तो कोट घालून
विधानभवनाच्या फाटकासमोर उभे राहायचे.
आत काम नसायचं. रिटायर झाल्यावरही गेले.
आई म्हणायची, काहून जाता? वळखते का कोणी तुम्हाले?
ते नाही वळखत. मी वळखतो ना.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नारिहिदे हंगामी मध्यम सल्लागार.
वीस दिवसांनी राजीनामा. मुंडण. पुढे नोंद नाही.
(बाबा हंगामी अधीक्षक झाले ते शेवटच्या सोमवारी.
पेढे आणले होते, पावशेर.)

रोजनिशीतली एक ओळ मात्र सुटत नाही मला.
महालाच्या पायऱ्यांच्या उजव्या हाताला नारिंगाचं झाड असे.
आग लागली. झाड जळालं. दुसरं आणून लावलं.
हे जुनंच झाड आहे असं समजावं, असा हुकूम.
खाली त्याचा शेरा: समजलो.

टेबलावर कळमेश्वरची संत्री आहेत, आंबिया बहाराची,
सालीला सैल, आत थोडी कोरडी.
एक सोलते.
बाबा गेल्यावर मी ते कपाट उघडवून घेतलं होतं.
काय होतं म्हणता? हत्तीखान्याच्या पावत्या.
गवत, गूळ, एका आजारी हत्तिणीसाठी दोन शेर तूप.
वाळवीनं एक कागद खाल्लेला नव्हता.
दर वर्षी डांबरगोळ्या बदलल्याची तारीख, बाबांची सही.

पुस्तक लायब्ररीचं आहे. समासात लिहू नये.
अकरा वर्षांच्या त्या रिकाम्या ओळीपाशी
मी बारीक अक्षरात लिहिलं:
सेवाखंड क्षमापित. कर्मचारी जागेवर हजर होता.

सोमवारी परत करायचंय.
खोडरबर घरात कुठेतरी असेल.