दीड फूट

सत्तावन साली बरबँकच्या स्टुडिओत लागले,
एकोणीस वर्षांची. काम एकच: पलंग मांडणं.
सिनेमातल्या नवराबायकोला तेव्हा पलंग दोन लागत
आणि मधे अंतर दीड फूट.
मोजायची टेप माझ्या एप्रनच्या खिशात,
वर देखरेखीला मिस्टर प्रॅट, हातात नियमांचा कागद.
नायकाला तिच्या पलंगाशी यायचंच असेल
तर एक पाय जमिनीवर.
बिचारा करकोच्यासारखा उभा राहून प्रेम करायचा,
आणि पुढच्या दृश्यात
खरा करकोचाच येऊन गेल्यासारखे
डॉक्टर हसत हसत बाहेर यायचे.

घरी आमचा पलंग एकच, मधोमध खचलेला.
रे आणि मी कुठेही झोपलो तरी
पहाटेपर्यंत घरंगळत त्याच खड्ड्यात.
तिन्ही पोरं त्या खड्ड्यातली.
सासूबाई थिएटरातून आल्या की म्हणायच्या,
"किती सभ्य माणसं असतात गं ती!"

मग एका सोमवारी निरोप आला, पलंग एक चालेल.
कुणी जाहीर केलं नाही, कुणी माफीही मागितली नाही.
मी दोन गाद्या जोडल्या, फटीवरून चादर ताणली.
नायिका हनुवटीपर्यंत झाकलेली, ओठ रंगवलेले,
आणि दीड तास एकच प्रश्न:
आधी अंगठी, की आधी "हो"?
खुर्च्यांवर बसलेल्या बायका खदखदून हसायच्या,
गोळ्यांची डबी पर्समध्ये खुळखुळायची.

पुढे काही वर्षं गाद्या थेट जमिनीवरच आल्या.
वाटलं, माझी नोकरी गेली.
गेले मिस्टर प्रॅट. त्यांचा कागद मी
जेवणाच्या डब्याखाली घालायला वापरला.

आणि ती चादर! तिच्या बाजूला काखेपर्यंत,
त्याच्या बाजूला कमरेपर्यंत.
अशी चादर जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही,
मी कापून शिवायची.
पांघरूण घालणं हा माझा धंदाच होता.

नंतर दिग्दर्शक म्हणाला, "ड्रॉवरमध्ये ते पाकीट ठेव,
दिसू दे." ठेवलं.
चार मैत्रिणी सॅलड खात खात
सगळं बोलायला लागल्या, नावानिशी.
मी बशा मांडत होते. कान तापले.
मग वाटलं, वही आणायला हवी होती.

एवढं मात्र कळलं:
पूर्वी हसू व्हायचं "हो" म्हणणाऱ्या मुलीचं,
नंतर तिशीपर्यंत काहीच न केलेल्या पोराचं.
पलंग बदलला तरी
हसायला कुणीतरी लागतंच.

आता नात मार्नी सेटवर असते.
दृश्याआधी नटांना विचारते,
इथे हात ठेवला तर चालेल? इथे? आणि इथे?
उत्तरं लिहून घेते.
मी म्हटलं, "याचा पगार देतात तुला?"
ती म्हणाली, "आजी, तुला कुणी विचारलं होतं?"

रे चांगला होता.
विचारलं नव्हतं.
कुठून विचारणार, त्यानेही तेच सिनेमे पाहिलेले,
ज्यात ती भांडत असते आणि
तो चुंबन घेऊन तिला गप्प करतो,
आणि पाठीमागे मी मांडलेला पलंग.

ग्लेंडेलच्या या वृद्धाश्रमात
लिंडक्विस्टला आणि मला एक खोली हवी होती.
अर्ज केला, सहा महिने गेले, मुलांच्या सह्या लागल्या.
थोरली फोनवर म्हणाली, "मॉम, या वयात?"
सासूबाईंचाच आवाज, हुबेहूब.

खोली मिळाली. पलंग दोन.
मधे ट्रॉली जायला वाट हवी, नर्स म्हणाली.
टेप अजून आहे माझ्याकडे.
मोजलं.

रात्री दिवा मालवला की तो येतो,
माझ्या कडेशी बसून हळूच विचारतो,
"येऊ का?"
मी थोडी सरकते.
गुडघा वाकत नाही त्याचा,
म्हणून एक पाय
जमिनीवरच राहतो.