उपसा

पप्पांच्या मनगटावरचं घड्याळ
हल्ली कोपरापर्यंत सरकतं.
उजव्या. डाव्यात फिस्टुला आहे,
त्या हाताला ओझं मना.

शिरोड्याच्या मिठागरात एकतीस वर्षं
याच हातांनी मीठ ओढलं, पाट्या भरल्या.
भरतीला बांधाचं तोंड उघडायचं,
खाडी आत घ्यायची, तोंड बुजवायचं,
पुढचं काम उन्हाचं.

मंगळवार, शुक्रवार सावंतवाडी. सहा दहाची एसटी.

मार्चच्या रिपोर्टात क्रिएटिनिन अकरावरून सातावर.
मी स्टँडवर खाजं घेतलं, पावशेर.
डॉक्टर शिरसाटबाईंनी आधी कागद पाहिला,
मग पप्पांची मांडी.
"आरोसकर, ते स्नायूंत तयार होतं.
स्नायूच झिजले की आकडा उतरणारच."
खाजं पिशवीतच सादळलं.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर
बाईंनी एक पेशी काढली. चौकोनी, थेट आगराच्या कोंडीसारखी.
भिंतीत पंप: रात्रंदिवस सोडियम बाहेर,
पोटॅशियम आत.
न गाळलेल्या रक्ताने ते मंदावतात.
साखर दाराशी येते, इन्शुलिन कडी वाजवतं,
आतून लवकर कुणी उठत नाही.
रक्त आंबतं,
आणि आंबलेल्या रक्तात स्नायू
स्वतःचेच धागे उसवू लागतो,
सरपण संपलं म्हणून
माळ्याच्या फळ्या चुलीत घालाव्यात तसा.

पप्पा बराच वेळ चौकोनाकडे बघत होते.
"म्हंजे मीठ भितर येता,
आणि भायर काढूक माणूस नाय."
बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "हो. तसंच."

चौथ्या तासाला पोटरीत गोळा येतो.
मी दोन्ही अंगठ्यांनी दाबते,
तळव्याखाली दगड, मग हळूहळू माती.
ते ओरडत नाहीत,
छताच्या पंख्याची पाती मोजतात.
तीनच आहेत.

बाईंनी सांगितलंय, रोज दहा वेळा
खुर्चीतून उठायचं, हात न टेकता.
संध्याकाळी खळ्यात खुर्ची मांडते.
शहाळ्यांनी लगडलेला माड समोर,
त्याचं पाणी त्यांना बंद.
मी म्हणते, "एक."
"एक नाय गो. लाभ."
पाटी मोजताना पहिली कधी एक नसते.

लाभ.
दोन.
तीनाला गुडघे थरथरतात,
घड्याळ सुटून पंजावर येतं.
चार म्हणायच्या आधी
ते खाडीकडे बघतात. ओहोटी आहे.
मी खुर्ची धरून उभी,
मोजणं त्यांच्याकडे.