मोज्यातला पाय

उजवा बूट काढून ठेवते, मगच सुरू करते मी.
बुटाचं टोक एका वेळी दोन बटणं दाबतं,
हे कळलं उन्स्ट बेटावर, कुणाच्या तरी लग्नात,
नवरानवरी नाचत असताना सगळंच बंद पडलं तेव्हा.
तेव्हापासून लोकरीचा मोजा. अंगठ्याशी रफू केलेला.

लर्विकच्या धक्क्यावरचा पब.
तीनलाच अंधार पडलाय, आता सात वाजत आलेत,
जमिनीवर बिअर सुकून चिकट झालीय
आणि तिच्यावर माझा संसार:
पाच पेडल, एक वीजपट्टी,
आणि तिची ती बारीक घूं घूं,
जी गेली दोन वर्षं मी उद्या दुरुस्त करणार आहे.

आधी गिटारच्या पोटावर थाप, माइकसमोर धरून.
धप्, टक्, धप्-धप्, टक्.
हा गिबी. बोटीवर दोरखंड बांधतो हल्ली.
मग जाड तारेवर अंगठा, हा मॅन्सी,
ॲबर्डीनला गेला आणि कर्जाच्या घरात राहिला.
वर बारीक तारांना चिमटे, ही विल्मा.
तिच्याशी मी बोलत नाही,
तिच्या जागा मात्र सगळ्या पाठ आहेत.

पाय समेवर पडला, तर चौघं एका दावणीला चालतात.
केसभर उशीर झाला, तर तो केस
दर आवर्तनात दाताखाली येतो.
गिबी चुकला की पुढच्या फेरीला सावरून घ्यायचा,
वर माझ्याकडे बघून डोळा मारायचा.
हे यंत्र सावरत नाही. चूक घोकत बसतं.

पबवाला लॉवरी म्हणतो, वाजवतेस चौघांचं,
पण पैसे एकीचेच हां.
मग बिअर तरी चौघांची दे, मी म्हणते.
तो एकच देतो.

तिसऱ्या गाण्याला, पहिलाच थर भरताना,
कुणीतरी दार उघडलं.
खारा वारा आत घुसला, आणि मागोमाग
सातच्या बोटीचा भोंगा,
माझ्या जाड तारेपेक्षा जरा खाली, लांबलचक.
माइक उघडा. पाय खाली आलेला.
दार बंद झालं, भोंगा आतच राहिला.

आठ मात्रा. भोंगा.
कुणी फिस्सकन हसलं.
आठ मात्रा. भोंगा.
वरचा थर पुसता येतो. हा तळातला,
गिबीच्या थापेला चिकटून बसलेला.
भोंगा काढला तर गिबी जातो,
आणि गिबी गेला तर उभं कशावर राहायचं?

मग मी खुंटी पिळली. जाड तार ढिली करत करत
भोंग्यापाशी नेऊन टेकवली
आणि तिथूनच गायला लागले, शब्द जमतील तसे.

खिडकीजवळच्या म्हातारीने, नाव तिचं बहुतेक रूबी,
भोंगा झाला तसा हात वर केला,
धक्क्यावर उभं राहून करतात तसा.
पुढच्या फेरीला तीन हात.
त्याच्या पुढच्या फेरीला बारवरचे सगळे,
लॉवरी फडक्यासकट.
खरी बोट एव्हाना दिवे घेऊन पार बाहेर गेली होती,
तिच्यावर गिबी, ज्याला पत्ताच नाही
की आपण इथे दर आठ मात्रांनी निघतो आहोत.

रात्री वायरी गुंडाळल्या, एक वेढा सुलट, एक उलट.
लॉवरीने नोटा मोजून दिल्या. एक जास्त होती.
भोंग्याची, म्हणाला.

प्लग काढला तरी पेडल विसरत नाही.
पुसायचं तर बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं.
धरलं. एक. दोन.

बूट चढवला. मोजा बिअरने ओला होता.
उद्या पुसेन,
वीजपट्टी दुरुस्त करताना.