चौथ्या मजल्यावरची हवा

हार्टफर्डला जानेवारीत खिडकी उघडत नाही.
म्हणजे उघडायला खिडकीच नाही, काच आहे,
जमिनीपासून छतापर्यंत, चारी कडांनी चिकटवलेली.
बाहेर बारा, आत बहात्तर, दोन्ही फॅरनहाइट.
मधले साठ अंश सांभाळायचा
मला पगार मिळतो.

तक्रारी आठ वाजता सुरू होतात.
लोरेन कोवाल्चिक, क्लेम्स विभाग: पाय गोठलेत.
तिच्यापासून अकरा फुटांवर ऑर्लँडो फिगरोआ: भट्टी झालीय.
दोघांचा डक्ट एक, पंखा एक.
दोघंही खरं बोलतायत.

पुस्तकात लिहिलंय, कितीही नेमकं जुळवलं
तरी शंभरातले पाच नाराजच राहणार.
ते पाच मी बावीस वर्षं शोधतोय.
दर वर्षी वेगळे निघतात.

शिडी लावून वर चढलं की दिसतात लोकांचे घरगुती इलाज.
जाळीवर चिकटवलेला पुठ्ठा.
खाली टेबलाआड, नैवेद्यासारखा झाकून ठेवलेला हीटर,
जो नियमात बसत नाही आणि जो मी पाहिला नाही.
आणि लोरेननं जाळीला बांधलेली लाल रिबीन,
नाताळच्या कुठल्याशा भेटीवरून सोडवलेली.
"ही हलली तरच मानेन तू काही केलंस ते."
मी डॅम्पर दोन बोटं उघडला.
रिबीन हलली.
स्वेटर तिनं काढला नाही, पण हसली.

मी मिरजेचा. वडील क्षयाच्या दवाखान्यात कंपाउंडर.
तिथे औषधाच्या आधी हवा द्यायचे,
भर थंडीत व्हरांड्यात ओळीनं खाटा,
आणि खिडकी लावणाऱ्या वॉर्डबॉयची खरडपट्टी.
घरी आले तरी दार सताड.
आम्ही गोधडीतून म्हणायचो, चोर येईल ना.
येऊ दे, म्हणायचे, तोही श्वास घेईल.
हे मी इथे कुणाला सांगितलं नाही,
मुलाखतीत तर नाहीच.

माझ्याकडे एक मीटर असतो.
माणसांनी सोडलेला श्वास मोजतो.
बाहेर चारशे तीस. हजारापर्यंत चालतं.
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत
साठ जणांना बोलावलं, दार लावून घेतलं.
मी तळघरात, पडद्यावर आकडा बघत.
अकराशे.
सोळाशे.
दोन हजार एकशे.
वाटलं, पट्टा तुटला पंख्याचा.
शिडी घेऊन धावत वर गेलो.

पंखा ठणठणीत होता. दार उघडलं
आणि आतली हवा अंगावर आली,
कोमट, कोंदलेली,
कुणीच काही न बोलता सोडलेली.
लोरेन हातात पाकीट धरून उभी होती.
मला म्हणाली,
"आज गरम होतंय."

या तिमाहीचा अहवाल गेला.
चौथा मजला: चारशे एकेचाळीस. उत्तम.
तक्रारी: शून्य.
वरून शाबासकीचा मेल आला,
हवा सुधारली म्हणून.

अजून साठ माणसांपुरती हवा सोडतोय मी तिथे.
कमी करा, असा कागद यायचाय.
काल रात्रपाळीला सहज चक्कर मारली.
खुर्च्या टेबलांवर उलट्या,
एका प्लगभोवती काळा डाग,
जाळीवर रिबीन, आपली हलतेय.
मीटर समोर ठेवून जमिनीवरच बसलो.
चारशे एकेचाळीस.
चारशे सत्तेचाळीस.
मग बऱ्याच वेळानं चारशे साठ.
एवढा मी.