सरपण

कुओपिओच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
डॉक्टर वैसानेन मनगटातून जाणार होते,
डॉक्टर केत्तुनेन छातीतून.
दोघं एकमेकांना आधी बोला, आधी बोला करत होते,
पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा, तसं.

पडद्यावर ताउनोचं हृदय,
पानं झडलेल्या बर्चसारखं,
आणि तीन फांद्या मध्येच
कुणी खोडरबराने पुसत आणलेल्या.

वैसानेन म्हणाले, जाळीच्या नळ्या. चार, फार तर पाच.
पूर्ण भूल नको. परवा घरी.
पण तुम्हाला साखर आहे,
नळ्या पुन्हा बुजू शकतात. मग पुन्हा या.

केत्तुनेनबाई म्हणाल्या, मी हाड उभं कापते.
पायातली शीर काढते, छातीतली एक धमनी वळवते,
अडलेल्या जागेला वळसा घालून रक्त पलीकडे नेते.
दगाफटका होतो, शंभरात एखाददुसऱ्याला.
अर्धांगाची भीती नळ्यांपेक्षा थोडी जास्तच.
पण दहा वर्षांनी मोजलं,
तर माझ्या बाजूला जास्त माणसं उरलेली असतात.
'बाजू' म्हणाल्या त्या. मग जरा ओशाळल्या.

ताउनोने एकच विचारलं:
कुऱ्हाड कधी धरता येईल?
नळ्या घातल्या तर दोन आठवडे.
छाती उघडली तर तीन महिने नाव काढायचं नाही.
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता खरं सांगते.
मी हृदयाचा विचार करतच नव्हते.
मी सरपण मोजत होते.
जानेवारी. शेडमधली रास कमरेएवढी.
घराची शेगडी, सौनाची शेगडी,
आणि माझा डावा खांदा हा असा.
नळ्या म्हणजे लाकडं त्याची.
छाती म्हणजे लाकडं माझी, बर्फ माझं,
आणि त्याचे मोजे, वाकून, मीच घालायचे.
एकोणपन्नास वर्षं संसार केला की
माणूस हिशेबी होतो,
कबूल कुणी करत नाही, एवढंच.

परतताना ऐंशी किलोमीटर तो गप्प.
तीस वर्षं बर्फ काढायची गाडी चालवलेला माणूस,
दुसऱ्याने साफ केलेल्या रस्त्याला
नावं न ठेवता पहिल्यांदाच घरी येत होता.

"रेइनोने नळ्या घातल्या," अखेर बोलला. "तीनदा."
रेइनो गोळ्या घ्यायचा नाही, मी म्हटलं.
"आणि पोस्टातली आइला? छाती कापली,
घरी आली, कुत्र्याचं नाव आठवेना."
आठवलं नंतर, मी म्हटलं.
गावातल्या उदाहरणांवरून काही ठरत नाही,
आणि गावात दुसरं असतं काय.

"तू काय केलं असतंस?"
जिभेच्या टोकावर नळ्या होत्या, शप्पथ.
"कापून घे," मी म्हटलं.
कुठून आलं, कोण जाणे.

पाच तास. वेलदोड्याचा पाव, हातात तसाच.
मग फेब्रुवारीभर ढलप्या, बादल्या, खांदा.
मार्चमध्ये तो खिडकीशी बसायला लागला,
खोकला आला की उशी छातीशी आवळून,
आणि काचेतून ओरडायला लागला:
सालीची बाजू वर! अशी रचतात का!
तेव्हा कळलं, माणूस परत आला.

काल त्याच्या पोटरीला मलम लावत होते.
घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत टाक्यांची रेघ.
केत्तुनेनबाई म्हणाल्या होत्या,
शिरेत झडपा असतात, एकाच दिशेला उघडणाऱ्या,
म्हणून ती उलटी करून शिवावी लागते.
म्हणजे तळ्याकाठच्या टँगोत
ज्या पायाने त्याने मला दोनदा तुडवलं होतं,
त्या पायातलं थोडं
आता वर आहे, उलटं लावलेलं.

दुखतंय का, मी विचारलं.
कुठे, तो म्हणाला,
वर की खाली?